बेताच्या बजेटमध्ये दुसरा स्मार्टफोन कसा निवडायचा

फोन अडकायला लागला, दुपारीच चार्जिंग उतरायला लागलं किंवा हातातून निसटून काच तडकली, की आपण लगेच नवीन फोन शोधायला लागतो. समोर मॉडेलांची रांग येते आणि प्रत्येकावर मोठमोठे आकडे असतात: ५० मेगापिक्सेल, १२० हर्ट्झ, १६ जीबी रॅम. पैसे मोजके असतील तर या आकड्यांत शिरण्याआधी एक वेगळाच आकडा काढायचा, जो खोक्यावर सहसा छापलेला नसतो. हा फोन आजपासून पुढे किती वर्षं सुरक्षितपणे वापरता येईल? किंमत भागिले ती वर्षं. खरोखर स्वस्त फोन कुठला आणि नुसताच कमी किमतीचा कुठला, हे या भागाकारातून कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने मांडल्या आहेत.

पायरी १: आधी जुन्याची नाडी बघा

नवीन फोनचं ठरवण्याआधी अर्धा तास जुन्याला द्या. निम्म्या तक्रारी फोन बदलण्याच्या नसतातच.

केबल सैल बसते, जरा हलली की चार्जिंग तुटतं? फोन बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात चार्जिंगच्या खाचेत तळाशी बघा. खिशातला धुरळा आणि कापडाचे तंतू तिथे दाबून दाबून करड्या थरासारखे बसलेले असतात, त्यामुळे पिन शेवटपर्यंत आत जात नाही. कोरडी लाकडी टूथपिक घेऊन कडेकडेने हलक्या हाताने तो थर उकरून काढा. टाइप-सीच्या खाचेत मधोमध एक पातळ पट्टी असते, तिला धक्का लावू नका. सुई, टाचणी, सेफ्टीपिन अजिबात नको. साफ झाल्यावर केबल 'टक' करून बसली तर तुमची खरेदी लांबणीवर पडली म्हणून समजा.

फोन मंद झालाय? स्टोरेज किती भरलंय ते बघा. ते गच्च भरलं की आतल्या चिपला नवं लिहायला मोकळी जागा सापडत नाही आणि प्रत्येक गोष्ट रखडते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी हवीच. बहुतेक वेळा दोषी व्हॉट्सॲपमधले फॉरवर्ड झालेले व्हिडिओ असतात.

बॅटरी हा तिसरा मुद्दा, आणि यात लोक सर्वात जास्त फसतात. लिथियम-आयन बॅटरी शून्यापासून शंभर टक्क्यांइतकं चार्जिंग साधारण ५०० वेळा झालं की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. काही नव्या फोनमध्ये हा आकडा ८०० ते १००० पर्यंत गेला आहे. म्हणजे रोजच्या वापरात दोन-अडीच वर्षांत फरक जाणवणारच. शिवाय थकलेली बॅटरी जोर लागला की पुरेशी वीज देऊ शकत नाही. फोन अचानक बंद पडतो, किंवा बंद पडू नये म्हणून प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी केला जातो. ॲपलने आपल्या आयफोनच्या बाबतीत हे डिसेंबर २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं होतं. त्यामुळे 'फोन म्हातारा झाला' असं वाटतं तिथे नुसती बॅटरी बदलून काम भागू शकतं, आणि तो खर्च नव्या फोनच्या मानाने अगदी किरकोळ असतो.

दुरुस्तीवर पैसे कधी घालू नयेत? सुरक्षा अपडेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या पळवाटा बुजवणारे पॅच, बंद झाले असतील तेव्हा. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात सुरक्षा पॅचची तारीख असते. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि 'अपडेट तपासा' दाबूनही काही येत नसेल, तर त्या फोनची कंपनीने काळजी घेणं सोडलंय. 'पण व्हॉट्सॲप तर चालतंय' हा पुरावा धरू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने किमान अट वाढवली तेव्हाही ती ॲन्ड्रॉइड ५ इतकीच होती, आणि ती आवृत्ती २०१४ सालची. ॲप चालणं वेगळं आणि बँकेचं खातं त्या फोनवर ठेवणं वेगळं.

आणि मागचं कव्हर फुगलंय, स्क्रीन कडेने उचलली गेलीय, तर बॅटरी फुगलीय. असा फोन चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

पायरी २: एका कागदावर गरजा

मोबाइलमधल्या 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम'मध्ये जाऊन आठवड्यात कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते बघा. आपल्याला वाटतं आपण फोटो खूप काढतो, आणि निघतं असं की सगळा वेळ व्हिडिओ बघण्यात आणि चॅटमध्ये गेलाय. मग कॅमेऱ्यासाठी जास्त पैसे कशाला?

आता सध्या किती जीबी स्टोरेज वापरता तो आकडा लिहा आणि दुप्पट करा. मग नसल्यास अडेल अशा गोष्टी: ३.५ मिमीचा हेडफोन जॅक, मेमरी कार्डची जागा, दोन सिम, टॅप करून पैसे देण्यासाठी एनएफसी. जायरोस्कोप हा फोन कसा वळतोय ते ओळखणारा सेन्सर खूप स्वस्त फोनमध्ये गाळलेला असतो. तो नसेल तर ३६० अंशांचे व्हिडिओ आणि काही गेम नीट चालत नाहीत.

बजेट ठरवताना पूर्ण रक्कम फोनवर लावू नका. कव्हर, स्क्रीनवर लावायची संरक्षक काच आणि कदाचित चार्जर यांच्यासाठी साधारण दहावा हिस्सा बाजूला ठेवा. हल्ली बऱ्याच फोनच्या खोक्यात चार्जर नसतो, आणि जुना चार्जर चालला तरी तो नव्या फोनला पूर्ण वेगाने चार्ज करेलच असं नाही.

पायरी ३: पंचांग आधी, बाकी नंतर

हा भाग सावकाश वाचा. अपडेटची मुदत तुम्ही फोन घेता त्या दिवसापासून मोजली जात नाही. फोन पहिल्यांदा बाजारात आला त्या तारखेपासून मोजली जाते. मोठ्या सवलतीत मिळणारा फोन अनेकदा दोन वर्षांपूर्वीचा असतो, आणि त्याची निम्मी मुदत गोदामातच संपलेली असते.

उदाहरण घ्या. 'क' फोनची किंमत १० भाग, तो दोन वर्षांपूर्वी आला आणि त्याला एकूण ४ वर्षांचे सुरक्षा अपडेट आहेत. उरली २ वर्षं, म्हणजे वर्षाला ५ भाग. 'ख' फोनची किंमत १५ भाग, पण तो यंदाचा आहे आणि त्याला ६ वर्षं आहेत. वर्षाला अडीच भाग. मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल हे धरलं तरी 'ख' स्वस्त पडतो. हिशोब इतका सोपा आहे, पण तो दुकानात कुणी करून दाखवत नाही.

कंपन्यांच्या आश्वासनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षांचे अपडेट जाहीर केले. हे महागडे फोन झाले. पण २०२४ मध्येच सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ सारख्या खालच्या श्रेणीतल्या फोनलाही ६ वर्षं दिली. म्हणजे 'स्वस्त फोनला अपडेट मिळतच नाहीत' हे आता सरसकट खरं राहिलेलं नाही. तरी त्याच किमतीत दोन-तीन वर्षांवर बोळवण करणारे फोनही भरपूर आहेत. म्हणून मॉडेलचं नाव घेऊन कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अपडेटची मुदत शोधा. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

जाहिरात वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: ॲन्ड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या किती आणि सुरक्षा पॅच किती वर्षं. आवृत्ती नवी नाही मिळाली तरी चालून जातं. पॅच मात्र हवेतच.

आयफोनचा विचार असेल तर इतिहासावरून अंदाज बांधता येतो. २०१८ चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर यांना २०२५ चं आयओएस २६ (आयफोनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) मिळालं नाही, २०१९ च्या आयफोन ११ ला मिळालं. जुना आयफोन 'परवडतो' म्हणून घेताना एवढं गणित करा.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे नव्याने विक्रीला येणाऱ्या फोनवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं केलं. त्यावर बॅटरी चार्जिंगची किती चक्रं टिकेल हे आकड्यात, आणि फोन पडल्यावर किती तग धरेल, दुरुस्त करायला किती सोपा, हे श्रेणी देऊन लिहिलेलं असतं. तुम्ही युरोपात राहत नसलात तरी तुमचं मॉडेल तिथे विकलं जात असेल तर त्याचं लेबल ऑनलाइन बघता येतं. कंपनीला जाहिरातीत जे सांगायचं नसतं ते तिथे सांगावं लागतं, त्यामुळे मी ते आवर्जून बघतो.

पायरी ४: प्रोसेसर, रॅम, स्टोरेज

'ऑक्टा-कोर' या शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ प्रोसेसरमध्ये आठ कोर, म्हणजे काम करणारे आठ भाग आहेत एवढाच. ते आठही लहान असू शकतात. मीडियाटेकच्या हेलिओ जी३५ मध्ये आठही कोर कॉर्टेक्स-ए५३ या लहान प्रकारचे आहेत, आणि त्या कोरची रचना २०१२ मध्ये जाहीर झालेली आहे. त्याउलट हेलिओ जी९९, डायमेन्सिटी ६३०० किंवा स्नॅपड्रॅगन ६९५ मध्ये दोन मोठे आणि सहा लहान कोर असतात. ॲप उघडताना, पान लोड होताना काम त्या दोन मोठ्यांवर पडतं. बेताच्या बजेटमध्ये माझा नियम एवढाच: निदान दोन कोर कॉर्टेक्स-ए७६ किंवा त्याहून नवे हवेत. मोजकं बजेट असलं तरी ही रेघ शक्यतो ओलांडू नका, कारण मंद प्रोसेसर पहिल्या दिवशीच मंद असेल तर चौथ्या वर्षी काय होईल?

रॅमच्या बाबतीत '८ + ८ जीबी' असं लिहिलेलं दिसतं. त्यातली पहिली ८ खरी. दुसरी ८ म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा रॅमच्या नावाने वापरणं, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. बेरीज करू नका, पहिलाच आकडा वाचा. ६ जीबी असेल तर निर्धास्त, ४ असेल तर जेमतेम.

स्टोरेज १२८ जीबी घ्या. ६४ जीबीच्या फोनमधला मोठा तुकडा ॲन्ड्रॉइड आणि कंपनीची ॲप आधीच खाऊन बसलेली असतात. मेमरी कार्ड फोटो-गाण्यांपुरतं ठीक, ॲपसाठी ते उपयोगाचं नाही. याहून महत्त्वाचा आणि कमी बोलला जाणारा मुद्दा स्टोरेजच्या प्रकाराचा. ईएमएमसी हा जुना प्रकार, त्यात एका वेळी वाचणं किंवा लिहिणं यापैकी एकच होतं. यूएफएस या नव्या प्रकारात दोन्ही एकदम होतात. यूएफएस २.२ असलेला फोन वाचण्याच्या वेगात ईएमएमसीच्या दोन-तीन पट पुढे असतो, आणि अपडेट बसताना, फोटो उघडताना तो फरक दिसतो. तपशीलवार माहितीत हा प्रकार लिहिलेलाच नसेल, तर तो बहुधा ईएमएमसी आहे असं धरून चाला.

आणि नाव पूर्ण वाचा. रेडमी नोट १३ चा ४जी फोन स्नॅपड्रॅगन ६८५ वर चालतो, ५जी फोन डायमेन्सिटी ६०८० वर. नाव जवळपास तेच, आतलं यंत्र वेगळं. एकाचं परीक्षण वाचून दुसरा घेतला असं सर्रास होतं.

पायरी ५: स्क्रीन, कॅमेरा, नेटवर्क, पटकन

साडेसहा इंचांच्या आसपासच्या स्क्रीनवर ७२० × १६०० म्हणजे इंचाला सुमारे २६५ ठिपके, आणि १०८० × २४०० म्हणजे ४०० च्या घरात. बारीक अक्षरं वाचणाऱ्याला हा फरक जाणवतो. १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजी होणारी स्क्रीन, छान दिसतं, पण प्रोसेसर दुबळा असेल तर ते अडखळतंच. वारंवार उन्हात काम असेल तर फोन प्रत्यक्ष उघड्यावर धरून बघा. 'पीक ब्राइटनेस'चा (कमाल उजेडाचा) मोठा आकडा बहुतेक वेळा स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता असतो.

५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार ठिपक्यांचा एक करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. हे वाईट नाही, उलट कमी उजेडात बरंच आहे, फक्त आकड्याला हुरळू नका. २ मेगापिक्सेलचे 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' कॅमेरे मागची बाजू भरलेली दिसावी म्हणून असतात. ओआयएस, म्हणजे लेन्स हलवून हाताची थरथर सावरणारी सोय, या बजेटमध्ये मिळत असेल तर चांगली लॉटरी. फोटोंची तुलना करताना घरातल्या दिव्याखाली काढलेले फोटो शोधा, उन्हात सगळेच कॅमेरे गुणी असतात.

नेटवर्कबाबत: ५जी लिहिलंय म्हणजे तुमच्या सिम कंपनीचे बँड (ती वापरते ते लहरींचे पट्टे) त्यात आहेतच असं नाही, ते ताडून बघा. दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनमध्ये व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय, चालेल ना, हेही विचारा. अनेक देशांत ३जी बंद झालं आहे. तिथे व्हीओएलटीई नसेल तर साधा कॉल करतानाही अडतं.

पायरी ६: नवीन, रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) की सेकंडहँड

त्याच पैशात नवा साधा फोन की तीन वर्षांपूर्वीचा भारी फोन? भारी फोनचा कॅमेरा, स्टोरेज, बांधणी अजूनही सरस असते. पण त्याच्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च मिळवा आणि उरलेल्या वर्षांनी भागा. ७ वर्षांच्या अपडेटची हमी असलेला फोन तीन वर्षं वापरलेला असेल तर बहुतेक वेळा तोच जिंकतो. हमी ४ वर्षांचीच असेल तर सोडून द्या.

सेकंडहँड फोन हातात आला की गप्पांत न गुंतता असं करा. डायलरवर *#०६# दाबा. दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावर आणि बिलावर तोच आहे का बघा, आणि तुमच्या देशात चोरीच्या फोनची यादी ऑनलाइन असेल तर त्यात टाका. मग विक्रेत्याला तुमच्यासमोर त्याचं खातं काढायला आणि फोन रिसेट करायला सांगा. तुम्ही स्वतः सेटअप पूर्ण करून होम स्क्रीनपर्यंत पोहोचा. मध्येच फोनने आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला तर तो कुलूपबंद आहे. हे कुलूप आयफोनमध्ये २०१३ पासून आणि ॲन्ड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे, आणि 'घरी गेल्यावर पासवर्ड पाठवतो' या वाक्यावर पैसे देऊ नयेत.

मग स्क्रीन. पूर्ण पांढरं चित्र उघडा, उजेड कमाल करा. कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीतल्या चिन्हांची पुसट सावली दिसली तर स्क्रीन जळलेली आहे. एखादं ॲपचं चिन्ह बोटाने धरून सगळ्या स्क्रीनभर नागमोडी फिरवा. जिथे ते हातातून सुटतं तिथे टच मेलेला. फोन सपाट टेबलावर ठेवून कोपऱ्यांवर टेका. डुलत असेल तर बॅटरी फुगायला लागली असण्याची शक्यता आहे. एक कॉल करा आणि फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का बघा. आवाज रेकॉर्ड करा, व्हिडिओही घ्या, कारण दोन्हीला वेगवेगळे माइक लागू शकतात. चार्जरला लावून केबल हलवा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरीची स्थिती दिसते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बदललेल्या भागांची नोंदही. ॲन्ड्रॉइडमध्ये तशी सोय नसेल तर पूर्ण उजेडात पंधरा मिनिटं व्हिडिओ चालवा. टक्के धडाधड उतरले तर बॅटरीचा खर्च धरूनच भाव बोला.

एकदा उघडलेल्या फोनची पाण्यापासूनची हमी संपली असं समजा, मागे आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाची खूण) कोरलेलं असलं तरी.

पायरी ७: जुन्यातून नव्यात

नवा फोन आला की परत करण्याची मुदत आधी बघा आणि वरच्याच चाचण्या पहिल्या दिवशी करा. नवा म्हणून सूट देऊ नका. सगळे अपडेट घ्या, मगच तो हळू आहे की वेगवान याचा निवाडा.

जुना फोन लगेच विकू किंवा देऊ नका. आठवडाभर दोन्ही जवळ असू द्या. फोटो आणि संपर्क सहज येतात, अडतं ते दुसरीकडे. ओटीपी तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप जुन्या फोनमधून रीतसर हलवावं लागतं. ते राहिलं आणि जुना फोन पुसला तर खात्यांबाहेर राहाल. बँकेचं ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, त्यासाठी सिम त्याच फोनमध्ये हवं. व्हॉट्सॲपच्या चॅट आल्यात का, हे जुन्या एखाद्या संभाषणात वर सरकून तपासा. ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच भरलेलं सिम) असेल तर ते आधी हलवा. स्क्रीन दिसतेय पण टच गेलाय अशा फोनला ओटीजी जोडणीने (फोनला यूएसबी वस्तू जोडणाऱ्या छोट्या अडॅप्टरने) साधा यूएसबी माउस लावा. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनवर बाण उमटतो आणि सगळा डेटा काढून घेता येतो.

सगळं आलं की जुन्या फोनमधून आधी खातं काढा, मग रिसेट करा. क्रम उलटा झाला तर नव्या मालकासमोर तेच कुलूप उभं राहील. ॲन्ड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह आलेल्या फोनमध्ये डेटा कूटबद्धच (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असतो आणि रिसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते, त्यामुळे पुन्हा पुन्हा पुसत बसायची गरज नाही. मेमरी कार्ड मात्र या रिसेटमध्ये सहसा पुसलं जात नाही. ट्रे उघडून ते आणि सिम काढून घ्या.